चॅपल राहिलं, राहणारे गेले

मध्यंतरी आई-बाबा सिंगापूरला आले होते. पाहुण्यांना दाखवायच्या आमच्या यादीत 'चाइम्स' असतंच. हे पूर्वीचं कॉन्व्हेंट. १८५४ साली आलेल्या नन्सनी इथे मुलींची शाळा काढली, अनाथाश्रम चालवला. फाटकाशी कुणी सोडून गेलेली तान्ही बाळं इथेच वाढली. आतलं सुंदर गॉथिक चॅपल १९०४ चं. १९८३ मध्ये शाळा टोआ पायोला हलली, १९९० मध्ये चॅपल राष्ट्रीय स्मारक झालं आणि १९९६ मध्ये आवारात रेस्टॉरंट्स आणि बार आले. चॅपलमध्ये आता लग्नसमारंभ होतात.

सगळं बघून बाबा म्हणाले, "अरे, एवढ्या जागेत चार म्हातारी माणसं सुखाने राहिली असती की!"

माझ्यातला इंजिनिअर लगेच जागा झाला. चॅपल म्हणजे एकच उंच दालन. त्यात मजले घाला, प्रत्येक घराला न्हाणीघर द्या, लिफ्ट बसवा, आगीसाठी वेगळा जिना काढा... रंगीत काचांच्या खिडक्या मजल्यांनी कापल्या जाणार आणि खर्च एवढा, की 'परवडणारी घरं' हे नावापुरतंच!

शिवाय सिंगापूर म्हाताऱ्यांना विसरलेलं नाही. वुडलँड्सला २०१८ साली सुरू झालेलं 'कांपुंग अ‍ॅडमिरल्टी' बघा. ज्येष्ठांसाठी १०४ छोटी घरं, त्याच संकुलात दवाखाना, खाऊगल्ली, पाळणाघर आणि वर बाग. पंचावन्नच्या पुढच्यांना सरकारी छोटं घर १५ ते ४५ वर्षांच्या करारानेही घेता येतं, म्हणजे पूर्ण ९९ वर्षांचे पैसे मोजावे लागत नाहीत. आपण शिकावं असंच हे.

पण रात्री विचार करताना वाटलं, बाबांचंच खरं. चॅपल सोडा, भोवतीच्या इमारतींत तर माणसं राहतच होती! त्यातल्या एखाद्या भागात वीस-पंचवीस आजी-आजोबांची सोय करून बाकीच्या भाड्यातून तिचा खर्च भागवता आला असता. बेवारस बाळांना आसरा देणं हाही त्या वास्तूचा वारसाच ना? भिंती जपल्या, तो मात्र सुटला.

आपल्याकडे तर वाड्याच्या भिंतीही राहत नाहीत. एखादा वाडा वाचलाच, तर त्याचं हेरिटेज हॉटेल करण्याआधी तिथे कोण राहत होतं, एवढं तरी विचारूया.