सफाई कामगाराच्या वाट्याची लस कुठे आहे?

रुग्णालयात सुई टोचतो डॉक्टर, पण ती अखेर घुसते सफाई कामगाराच्या हातात. कचऱ्याची पिशवी उचलताना, लादी पुसताना, रक्ताने भरलेल्या चादरींचे गाठोडे बांधताना. हा कामगार कोणत्या वस्तीतून येतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. जातीने लादलेले काम आजही त्याच जाती करत आहेत. फक्त हजेरीपटावर आता कंत्राटदाराचे नाव आले आहे. त्या सुईबरोबर अंगात काय शिरते, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूजन्य आजार आहे. तो बाधित रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली, तर लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. ज्या एचआयव्हीच्या नावाने सारे थरथरतात, त्याच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. म्हणजे कालची सुई आजही धोक्याची! प्रौढांपैकी बहुतेक बरे होतात, पण काहींच्या शरीरात तो कायमचा मुक्काम ठोकतो. वर्षानुवर्षे त्रास जाणवत नाही आणि कळते तेव्हा यकृत निकामी झालेले असते किंवा कर्करोग झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हा आजार होता.

यावर हमखास उपाय म्हणजे लस. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती देशात तयार केली आणि परदेशी लसीची महागाई मोडली. २०११ नंतर ती देशभरच्या बालकांच्या लसीकरणात आली. पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांत, पुढचे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात. परंतु आज ज्याच्या हातात झाडू आहे, तो कामगार त्याआधी जन्मलेला आहे. त्याला ही लस बाळपणी मिळण्याची शक्यता कमीच. त्याला आता तीन डोस हवेत: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी.

ते कुणी द्यायचे? कायद्यात याचे उत्तर स्पष्ट आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मधील नियम ४ प्रमाणे रुग्णालयाने आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना 'आणि इतरांना', म्हणजे हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, हिपॅटायटिस बी व धनुर्वाताविरुद्ध लस दिली पाहिजे. कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करून तिची नोंद ठेवली पाहिजे. 'इतर' हा शब्द नीट वाचा. कायम की कंत्राटी, असा भेद तिथे नाही. 'तो आमचा माणूस नाही, कंत्राटदाराचा आहे' ही पळवाट नियमाने बंद केली आहे. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. तरीही कंत्राटी कामगारांना 'तीन डोस झाले का?' असे विचारले, तर बहुतेक जण 'कसले डोस?' असे उलट विचारतात. रुग्णालयातल्या डॉक्टरला लस मिळते आणि त्याच वॉर्डात झाडू मारणाऱ्याला नाही, याला विषमतेखेरीज दुसरे नाव कोणते?

म्हणून कार्यकर्त्यांनी कामाला लागावे. सरकारी व पालिका रुग्णालयांत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाका: गेल्या वर्षी कचरा हाताळणाऱ्या किती कामगारांना लस दिली, नोंदवहीची प्रत द्या. दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. खासगी रुग्णालय टाळाटाळ करत असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. आणि कामगारांना हे जरूर सांगा: सुई टोचली तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा, लगेच लेखी कळवा आणि त्याच दिवशी उपचार मागा. आधीच लागण झालेल्यांसाठी २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत तपासणी व औषधे आहेत. कावीळ 'उतरवणाऱ्या' मांत्रिकाच्या दारात बसून वेळ घालवू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला ते शोभत नाही.

आणखी एक. हा आजार एकत्र जेवल्याने, एका माठातले पाणी प्याल्याने, हात हातात घेतल्याने पसरत नाही. पाण्यासाठी चवदार तळ्यावर लढलेल्या समाजाने आपल्याच आजारी भावाचा पेला वेगळा ठेवावा, यासारखी दुसरी शोकांतिका नाही.

बाबासाहेबांनी मुंबईच्या सफाई कामगारांना म्युनिसिपल कामगार संघात संघटित केले, ते त्यांना हक्क मागता यावेत म्हणून. लसीचे तीन डोस हाही असाच एक हक्क आहे. येत्या १४ एप्रिलला वस्तीत मिरवणूक जरूर काढा. पण त्याआधी त्या वस्तीतल्या प्रत्येक सफाई कामगाराचा पहिला डोस झाला आहे, याची खात्री करा. जय भीम!