कोणते धान कोणत्या मिलला? उत्तर तक्त्यात आणि सूत्रात

गोंदिया : आमगाव तालुक्यात आधारभूत केंद्रांवर खरेदी झालेले धान भरडाईसाठी राइस मिलला जाते. १०० क्विंटल धानामागे ६७ क्विंटल तांदूळ सरकारजमा करावा लागतो. उचल रखडली की गोदामे भरतात, धान ताडपत्रीखाली उघड्यावर राहते आणि अवकाळी पावसात भिजते. म्हणून कोणत्या केंद्राचे धान कोणत्या मिलला, हा प्रश्न महत्त्वाचा.

जवळची मिल नेहमी स्वस्त?

नाही. समजा, दोन केंद्रांवर प्रत्येकी १०० क्विंटल धान आहे आणि दोन मिलची क्षमताही तेवढीच आहे. पहिल्या केंद्रापासून मिलचे भाडे क्विंटलमागे १० आणि २० रुपये, दुसऱ्यापासून १२ आणि ४० रुपये. पहिल्या केंद्राने जवळची मिल धरली, तर एकूण खर्च ५,००० रुपये. त्याने दूरची मिल घेतली, तर ३,२०० रुपये. दोन केंद्रांचा हिशेब कागदावर होतो. शेकडो जोड्यांचा होत नाही.

मग उपाय काय?

दोन गोष्टींची सांगड. पहिली, डेटाची नीट मांडणी : केंद्र, मिल, साठा, क्षमता, अंतर यांचे परस्परांशी जुळणारे तक्ते. दुसरी, गणिती सूत्रे लिहिण्याची भाषा. बेल लॅब्समध्ये १९८५ च्या सुमारास तयार झालेली ‘एएमपीएल’ ही अशीच एक भाषा. तिच्यात सूत्र आणि आकडे वेगळे ठेवता येतात. नवे केंद्र सुरू झाले, तर तक्त्यात एक ओळ वाढते. सूत्र तेच राहते. मात्र तक्त्यात पोती आणि क्विंटल यांची गल्लत असेल, तर अचूक सूत्रही चुकीचेच उत्तर देते.

देशात असे झाले आहे का?

रेशन धान्याच्या वाहतुकीसाठी केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ‘अन्न चक्र’ सुरू केले. जागतिक अन्न कार्यक्रम आणि आयआयटी दिल्लीची ‘एफआयटीटी’ यांच्या मदतीने ते उभे राहिले. त्यातून वर्षाला सुमारे २५० कोटी रुपये वाचतील, असा सरकारचा अंदाज आहे.

खरा निर्णय माणसाचाच

सर्वांत कमी भाडे हवे, की उघड्यावरचे धान आधी उचलायचे? हे संगणक ठरवत नाही. भाडे वाचवणारे उत्तर भिजणारे धान शेवटी ठेवू शकते. म्हणून भरडाईच्या वाटपाला ही पद्धत लावताना तिच्या अटी आणि आकडे खरेदी केंद्राच्या फलकावर लागायला हवेत. आपले धान कुठे आणि का गेले, हे शेतकऱ्याला आणि मिलमालकाला वाचता आले, तरच गणितावर विश्वास बसेल.