मापात पाप

‘मापात पाप’ हे शब्द आपल्या बोलण्यात जुने आहेत. पण वाचकहो, मापातली प्रत्येक चूक पाप नसते.

पेण तालुक्यातील जिते गावाच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी होते. पूर्वी कोकणात हे भात चार शेरांच्या पायलीने मापीत. एखादी पायली शिगोशीग भरे, एखादी थोडी उणी राही. ही चूक दोन्ही बाजूंची. एकीची तूट दुसरी भरून काढते. म्हणून शंभर पायल्या मापल्या, तरी ही चूक एका पायलीच्या शंभरपट होत नाही. सुमारे दहापटच होते, असे गणित सांगते.

पण पायलीच मुळात मूठभर मोठी असली तर? मग शंभर पायल्यांना देणाऱ्याच्या पुऱ्या शंभर मुठी जातात! मापणारा कितीही प्रामाणिक असो, पुन्हा मापले तरी उत्तर तेच, आणि तेच चुकीचे. ही चूक खऱ्या मापाशी ताडल्याशिवाय सापडायची नाही.

याच रायगड जिल्ह्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ शेते पडीक ठेवून संप केला, तो खोताला द्यावयाच्या भातावरूनच. जिथे देणे धान्यात, तिथे पायली कोणाची हा प्रश्न पोटाचाच असतो.

१९५८ पासून देशात मेट्रिक वजने आली. काट्यावर सरकारी शिक्का असतो. फराळाची डाळ घेताना आपण दुकानदाराच्या हाताकडे टक लावून पाहतो. हात एकदा इकडे, एकदा तिकडे चुकेल. पाहायचा तो शिक्का!