डब्यांतील आरोग्य

मूल शाळेंत जाऊं लागलें कीं त्याच्या दुधाच्या पेल्यांत डब्यांतील माल्टयुक्त भुकटी पडलीच पाहिजे, ही समजूत आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गांत इतकी दृढ झाली आहे कीं, ती न घालणाऱ्या आईस आपण मुलाच्या वाढीची हयगय करीत आहों असें वाटूं लागतें. ही समजूत वैद्यांनीं रुजविलेली नाहीं, माल विकणारांनीं रुजविली आहे. आणि तिच्या पुष्ट्यर्थ पुढें केलेलीं प्रमाणें तपासून पाहिलीं असतां त्यांतील फार थोडीं टिकतात, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. तथापि ज्या वस्तूवर घरोघर दरमहा पैसा खर्च होतो व जी अजाण मुलांच्या पोटांत जाते, तिच्याविषयीं भीड धरणें योग्य नव्हे.

प्रथम या पेयांचा पूर्वेतिहास पाहूं. जव भिजवून त्यांस मोड आणले व मग ते उष्णतेनें वाळविले म्हणजे माल्ट तयार होतो. मोड येतांना धान्यांत डायास्टेज नांवाचें द्रव्य वाढतें. पायें व पेर्सो या दोघां फ्रेंच रसायनज्ञांनीं तें १८३३ सालीं वेगळें काढलें. हें द्रव्य पिठांतील स्टार्चचें माल्टोज नामक साखरेंत रूपांतर करितें, त्यामुळें पेज पातळ व गोडसर होते आणि पचावयास हलकी जाते. लीबिग या विख्यात जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८६५ च्या सुमारास याच तत्त्वावर गाईचें दूध, गव्हाचें पीठ व माल्टाचें पीठ यांचें अन्न तान्ह्या मुलांसाठीं सुचविलें. पुढें जेम्स व विल्यम हॉर्लिक या दोघां इंग्रज बंधूंनीं १८७३ सालीं अमेरिकेंत शिकागो येथें शिशुअन्नाचा धंदा काढला. थोड्याच वर्षांत तो विस्कॉन्सिनमधील रसीन येथें नेला, आणि १८८३ मध्यें जव-गव्हांच्या माल्टाचा अर्क व दूध एकत्र सुकवून केलेल्या भुकटीचें पेटंट मिळविलें.

येथवर कोणीं दोष द्यावा असें कांहीं नाहीं. त्या काळीं मोठ्या शहरांत मिळणारें दूध पुष्कळदां नासकें, भेसळीचें व रोगजंतूंनीं दूषित असे. अशा वेळीं न नासणारी व गरम पाण्यांत विरघळणारी भुकटी तान्ह्या मुलांस, आजाऱ्यांस व दूरच्या प्रवाशांस खरोखर उपकारक होती. ध्रुवप्रदेशांतील मोहिमा तिचे डबे बरोबर नेत, तें उगाच नव्हे. जेथें दूध नाहीं तेथें दुधाच्या जागीं कांहीं असावें, इतकाच तिचा मूळचा हक्क होता व तो रास्त होता.

पुढें पाश्चात्य शहरांत निर्जंतुक दूध घरपोंच मिळूं लागलें. गरज ओसरली, परंतु कारखाने ओसरले नाहींत; उलट नवे निघाले. स्वित्झर्लंडांत बर्न येथील वांडर यानें १९०४ सालीं माल्ट, दूध, अंडें व कोको यांचें ओव्होमाल्टीन काढलें. तेंच इंग्लंडांत ओव्हल्टीन झालें. १९३० नंतर कॅडबरीचें बोर्नव्हिटा आलें. आतां दूध नसलेल्यांस नव्हे, तर दूध असलेल्यांस ही भुकटी विकावयाची होती. आणि निरोगी मनुष्यास औषध विकावयाचें तर आधीं त्यास रोगी ठरविणें भाग असतें. म्हणून त्याच दशकांत हॉर्लिक्सच्या जाहिरातींनीं ‘रात्रीची उपासमार’ नांवाचा एक विकार शोधून काढला. मनुष्य रात्रीं झोपेंत उपाशी राहतो, म्हणून सकाळीं थकलेला उठतो; तस्मात् निजतांना एक पेला घ्यावा! वैद्यकशास्त्रानें हा विकार कधींच मान्य केला नाहीं. पण डबे मात्र खपले.

आतां मौज पाहा. जें पेय ब्रिटनमध्यें शांत झोंप यावी म्हणून रात्रीं घ्यावयाचें, तेंच आपल्याकडे मुलांस सकाळीं तरतरी यावी म्हणून पाजावयाचें! पंजाबांत नाभा येथें १९६० च्या सुमारास त्याचा कारखाना निघाला व तेथें म्हशीचें दूध वापरूं लागले. परंतु गाईच्या जागीं म्हैस आल्यानें झोंपेचें औषध जागृतीचें औषध व्हावें, हा चमत्कार रसायनशास्त्रास उलगडणार नाहीं. त्याचा उलगडा बाजारपेठेंत आहे. तेथील गिऱ्हाईक थकलेला प्रौढ मनुष्य होता. येथील गिऱ्हाईक मुलाच्या परीक्षेची व उंचीची काळजी वाहणारी आई आहे. ज्याची जशी चिंता, तसा त्या पेयाचा गुण!

या गुणांपैकीं उंची, बळ व बुद्धि यांचा दावा परीक्षेस बसला तेव्हां काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. हॉर्लिक्सनें मुलें अधिक उंच, बळकट व तल्लख होतात असें सांगणारी बांगलादेशासाठीं केलेली जाहिरात ब्रिटनमध्यें एका नेपाळी वाहिनीवर दाखविली गेली. २००८ सालीं तेथील जाहिरात-नियामक संस्थेनें पुरावा मागविला, तो अपुरा ठरविला व ती जाहिरात पुन्हां दाखवूं नये असा निर्णय दिला. जें विधान लंडनच्या मुलांसमोर करतां येत नाहीं तें ढाक्याच्या किंवा पुण्याच्या मुलांसमोर कां करतां यावें, याचें उत्तर कोणीं द्यावयाचें?

साखरेचा प्रश्न तर याहून सरळ आहे. २०२३ सालीं एका तरुणानें बोर्नव्हिटातील साखरेवर टीका करणारी चित्रफीत प्रसिद्ध केली. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्यानें ती मागें घेतली. पण त्या डब्यावरील हिशेबांतच १०० ग्रॅम भुकटींत वरून घातलेली साखर ३७ ग्रॅमांहून अधिक होती, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीनें ती सुमारें ३२ ग्रॅमांवर आणली. आक्षेप निराधार होता तर ही सुधारणा कशासाठीं? कंपनीचें म्हणणें असें कीं, एका वेळच्या २० ग्रॅमांत साडेसात ग्रॅमच साखर जाते व ती मर्यादेंत आहे. हें खरें, परंतु मुलाच्या दिवसांत हा एकच पेला नसतो. बिस्किटें, जॅम, सरबतें यांची बेरीज त्यांत मिळवावी लागते. २०२४ च्या एप्रिलांत भारत सरकारनें, अन्नसुरक्षेच्या कायद्यांत ‘आरोग्यपेय’ अशी व्याख्याच नसल्यामुळें, हीं पेयें त्या सदराखालीं विकूं नयेत असें ऑनलाइन विक्रेत्यांस बजाविलें. त्याच महिन्यांत हिंदुस्तान युनिलिव्हरनें आपल्या या वर्गाच्या नांवांतून ‘आरोग्य’ हा शब्द गाळला. ज्या शब्दावर इतकीं वर्षें धंदा चालला, तो एका सूचनेसरशीं सोडावा लागला.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, या भुकटींत जीवनसत्त्वें व लोह असतें. असतें, आणि ज्या मुलांत त्यांची उणीव आहे त्यांस त्यांचा उपयोगही होईल. पण तें श्रेय वरून मिसळलेल्या जीवनसत्त्वांचें आहे, माल्टाचें नव्हे. शिवाय उणीव आहे कीं नाहीं हें डॉक्टरानें ठरवावें, दुकानदारानें नव्हे. दुसरा आक्षेप असा कीं, त्यावांचून मूल दूधच पीत नाहीं. येथें मात्र सत्य आपण होऊन बाहेर पडतें: हवें आहे तें दूध! २०० मिलिलिटर दुधांत सहा-सात ग्रॅम प्रथिन असतें; कोकोयुक्त भुकटीच्या २० ग्रॅमांनीं त्यांत दोन ग्रॅमांचीही भर पडत नाहीं. कर्तृत्व दुधाचें व कीर्ति डब्याची, असा हा प्रकार आहे. आणि साखरेवांचून दूध न पिण्याची संवय मुलास ज्या भुकटीनें लागली, तीच त्या संवयीवरील उपाय म्हणून विकत घ्यावी, हा व्यवहार शहाण्यांस शोभत नाहीं.

आमचें वैर माल्टाशीं नाहीं. नाचणीस मोड आणून, वाळवून व हलकी भाजून केलेलें पीठ हें आपल्या घरचें माल्टच होय. तिच्या १०० ग्रॅमांत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, आणि मोड आणल्यानें पेज पातळ होऊन लहान मुलाच्या पोटांत अधिक अन्न जातें, हें आहारशास्त्रासही मान्य आहे. मात्र तिलाही कोणीं संजीवनी समजूं नये. आणि बाजारांत ‘नाचणी माल्ट’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांतील साखरही वाचून पाहावी. मुलाची उंची ठरते ती बव्हंशीं आनुवंशिकतेनें आणि रोजच्या भाकरी, वरण, भाजी, दूध, खेळ व झोंप यांनीं. तिला डब्यांतून येण्याची वाट ठाऊक नाहीं.

सुशिक्षित मातापित्यांस आमची विनंति इतकीच कीं, पुढच्या वेळीं दुकानांत डबा हातीं घेतल्यावर त्याच्या दर्शनी बाजूवरील धावणारें मूल न पाहतां मागील बाजूचीं बारीक अक्षरें वाचावीं, साखरेचा आंकडा पाहावा, किंमत पाहावी, आणि तितक्याच पैशांत किती दूध, किती डाळ, किती अंडीं किंवा किती फळें येतात याचा हिशेब करावा. हिशेब करूनही ज्यांस चवीसाठीं तो डबा घ्यावासा वाटेल त्यांनीं खुशाल घ्यावा. पण तो खाऊ म्हणून घ्यावा, आरोग्य म्हणून नव्हे. आणि ज्या घरीं तो येत नाहीं, तेथील आईनें आपण मुलास कांहीं कमी करीत आहों असें क्षणभरही मनांत आणूं नये.