सोनोग्राफीचा धूसर फोटो 'क्लिअर' करताय? आधी हे वाचा

गेल्या महिन्यात मामेभावाचा व्हॉट्सअ‍ॅप आला, "दादा, पप्पांच्या सोनोग्राफीचा फोटो लय ब्लर आलाय, जरा क्लिअर करून दे ना." रिपोर्टमध्ये पित्ताशयात एक खडा लिहिला होता. मी शार्पन फिल्टर लावला, तर फोटोत चार-पाच खडे दिसायला लागले! आता एआय एन्हान्सचं बटण फोनाफोनात आलंय, म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

फोटो धूसर का असतो?

पोटाच्या सोनोग्राफीत साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी वापरतात. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धरतात. म्हणजे ५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी होते ०.३ मिलिमीटर. त्याहून बारीक गोष्ट वेगळी दिसणं अवघडच. वर अनेक प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून चित्रात दाणे उमटतात. त्यांना 'स्पेकल' म्हणतात. लेझर भिंतीवर मारला की असेच दाणे दिसतात.

युक्ती जुनीच

१९५३ मध्ये फ्रान्समध्ये मारेशाल आणि क्रोस यांनी भिंगांनीच फोटो सुधारून दाखवला. फिल्ममधून लेझरसारखा शिस्तीतला प्रकाश सोडायचा. भिंगाच्या फोकसपाशी चित्राचा ढोबळ भाग मधोमध जमतो आणि बारीक तपशील कडेला जातो. मध्यभागी थोडी काळसर काच ठेवली की ढोबळ भाग मंदावतो, आणि दुसऱ्या भिंगातून चित्र पुन्हा बनतं तेव्हा कडा उठून दिसतात. कॉम्प्युटर लागतच नाही! आज आपला फोन हेच काम गणिताने करतो.

मग चुकतं कुठे?

फिल्टर फक्त शिल्लक असलेला तपशील वाढवतो, हरवलेला परत आणत नाही. आणि तपशिलासोबत दाणेही वाढवतो. माझे जादा 'खडे' म्हणजे तेच दाणे होते.

१९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला. कॉम्प्युटरने फोटो बरेच सुधारले, पण खरा इलाज झाला १९९३ मध्ये, अंतराळवीरांनी वर जाऊन दोष भरून काढणारी उपकरणं बसवली तेव्हा.

एआयचं प्रकरण आणखी नाजूक आहे, कारण ते रिकामी जागा अंदाजाने भरतं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनमधल्या चंद्राच्या फोटोंवरून याच मुद्द्यावर वाद झाला होता. चंद्राचं ठीक आहे हो, पण पित्ताशयाचं काय? खड्याच्या मागे काळी सावली पडते, आणि डॉक्टर खडा ओळखतात तो बऱ्याचदा त्या सावलीवरून. 'सुंदर' करणाऱ्या अ‍ॅपने ती सावलीच पुसली तर?

मशीनमधले फिल्टर मूळ सिग्नलवर चालतात. आपल्या हातात असतो प्रिंटचा फोटो, तोही व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेला. शिवाय डॉक्टर प्रोब फिरवत हलतं चित्र बघतात, एकच फ्रेम नाही.

भावाला मी एवढंच लिहिलं: "फोटो आहे तसाच ठेव, आणि शंका असेल तर डॉक्टरांनाच विचार."