छत्री कुणाच्या गच्चीवर?

अलीकडे काही कामानिमित्त चंदीगढला जाण्याचा योग आला. मुक्काम सेक्टर 34 मधे, नात्यातील एका मावशीकडे होता. यजमानांच्या नोकरीमुळे मावशी चाळीस वर्षांपूर्वी इथे आली आणि इथलीच झाली. आता यजमान नाहीत, मुलगा परदेशी आहे, आणि ती एका कोठीच्या पहिल्या मजल्यावर भाड्याने राहते. संध्याकाळी सात वाजता तिच्या घरी सह्याद्री वाहिनीच्या बातम्या लागत असत. या वेळी मात्र दूरचित्रवाणी संच बंद होता आणि त्यावर भरतकाम केलेला रुमाल घातलेला होता.

"केबल काढून टाकली," मावशी म्हणाली. "पाहायच्या तीन वाहिन्या आणि भाडं दोनशे वाहिन्यांचं, हे काही मला पटेना. पण आता त्यात काहीच दिसत नाही. केबलवाला म्हणाला, माताजी, केबल काढली की टीव्ही म्हणजे नुसता डबा."

केबलवाल्याचे हे विधान चुकीचे आहे. तरीही एका सुशिक्षित, वर्तमानपत्र वाचणाऱ्या स्त्रीने ते दोन महिने खरे मानले, कारण त्याच्या विरुद्ध सांगणारे तिला कोणी भेटलेच नाही. प्रशासनाच्या दृष्टीने मला हीच गोष्ट विचार करण्यासारखी वाटते.

थोडा मागचा इतिहास पाहू. आपल्या देशात दूरचित्रवाणी 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत सुरू झाली, मुंबईत ती 2 ऑक्टोबर 1972 रोजी आली. त्या काळी गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना लावला की काम होत असे. चंदीगढकरांचे अँटेने कसौलीच्या डोंगरावरील दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभे असत. त्यासाठी मासिक भाडे नव्हते आणि मध्यस्थही नव्हता. नव्वदच्या दशकात केबल आली, 1995 मधे तिच्यासाठी कायदा झाला, आणि 2000 सालच्या दुरुस्तीने प्रत्येक केबलचालकावर दूरदर्शनच्या दोन वाहिन्या व राज्याच्या भाषेतील एक वाहिनी दाखवण्याचे बंधन आले. पुढे केबलचे सक्तीचे अंकीकरण झाले. चंदीगढ हे पुणे, नाशिक व नागपूर यांच्याबरोबर दुसऱ्या टप्प्यातील 38 शहरांत होते. त्याची मुदत 31 मार्च 2013 ही होती. त्या दिवसापासून घरोघरी सेट-टॉप बॉक्स आला. लोकांच्या मनात केबल आणि दूरचित्रवाणी या दोन गोष्टी एकच झाल्या.

याच काळात जमिनीवरचे जुने मनोरे मावळत होते. प्रसार भारतीने आपले ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले आणि 2022 पर्यंत मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास तेवढे शिल्लक ठेवले. फेब्रुवारी 2016 मधे 16 शहरांत अंकीय भूप्रक्षेपण सुरू झाले. त्यात मुंबई, औरंगाबाद, जालंधर होते, चंदीगढ नव्हते. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना हे विचित्र वाटेल. तिथे केबल सोडली की खिडकीत छोटासा अँटेना लावायचा आणि गावातील वाहिन्या केबलच्या भाड्याशिवाय पाहायच्या. अमेरिकेने जून 2009 मधे व ब्रिटनने ऑक्टोबर 2012 मधे ॲनालॉग प्रक्षेपण बंद केले, पण त्याच मनोऱ्यांवरून अंकीय प्रक्षेपण चालू ठेवले. आपण वेगळा मार्ग घेतला. आपला फुकट मार्ग आकाशातून येतो.

तो मार्ग म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर 2004 मधे डीडी डायरेक्ट प्लस या नावाने 33 वाहिन्यांसह ही सेवा सुरू झाली. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की मासिक वर्गणी नाही. प्रारंभीचा खर्च साधारण दोन हजार रुपयांच्या आत-बाहेर. आज चार कोटींहून अधिक घरांत ही सेवा आहे. सह्याद्री तिच्यावर दिसते, पंजाबी दिसते, आणि मार्च 2019 पासून हरियाणा, हिमाचल, गोवा अशा राज्यांच्या वाहिन्याही दिसू लागल्या. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे क्रीडासामने खाजगी वाहिन्यांना दूरदर्शनला द्यावे लागतात. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निर्णयानुसार ते केवळ दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर, म्हणजे भूप्रक्षेपणावर व फ्री डिशवर दाखवता येतात. केबलवरच्या दूरदर्शनवर नाही. म्हणजे पैसे भरून जे दिसत नाही ते न भरता दिसते!

मावशीला हे सांगितले तेव्हा ती आधी हसली, मग रागावली. "मग हे मला कुणी सांगायचं होतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाजारातून छत्री आणली आणि खरी अडचण समोर आली. ज्या उपग्रहावरून हे प्रक्षेपण येते तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. चंदीगढहून पाहिले तर तो दक्षिण-आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 50 अंश उंचीवर येतो. मावशीचा सज्जा उत्तरेकडे. म्हणजे छत्री गच्चीवरच लावावी लागणार, आणि गच्ची घरमालकांची. ते सज्जन गृहस्थ, पण नकार दिला. "आज तुम्ही लावाल, उद्या बरसातीवाले लावतील, परवा तळमजल्यावाले. भिंतीला भोके किती पाडायची?" त्यांचेही अगदीच चूक नव्हते. माझ्यासारखा तिसरा मनुष्य मधे पडला, चहा झाला, आणि भोक न पाडता विटांच्या वजनावर छत्री उभी करण्याचे ठरले. संध्याकाळी सात वाजता मावशीने संचावरचा रुमाल काढला. सह्याद्रीच्या बातम्या लागल्या आणि पुढचा अर्धा तास ती माझ्याशी एक अक्षरही बोलली नाही.

हे काम झाले ते ओळखीने आणि सौजन्याने. हक्काने झाले असते का? आपल्याकडे भाडेकरूला छत्री लावण्याचा स्पष्ट हक्क देणारा नियम मला कधी कामात दिसला नाही. अमेरिकेत 1996 पासून असा नियम आहे. एक मीटरपर्यंतची छत्री नागरिकाने स्वतःच्या ताब्यातील जागेत लावली तर कोणी अडवू शकत नाही, आणि 1999 पासून तो भाडेकरूंनाही लागू आहे. सामायिक गच्ची त्यातही येत नाही, हे खरे. पण निदान चर्चेला एक आधार मिळतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी सांगितले की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. जी मालमत्ता सर्वांची, ती घेण्यासाठी घरमालकाची मर्जी सांभाळावी लागावी, ही विसंगती आहे.

काही जण म्हणतील, आता सगळे मोबाईलवर येते, छत्रीची उठाठेव कशाला? प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मधे वेव्हज हे स्वतःचे व्यासपीठही सुरू केले आहे. ते चांगलेच आहे. परंतु मावशीने सांगितलेली एक रात्र मी इथे नोंदवते. 8 मे 2025 ला चंदीगढमधे ब्लॅकआउट झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी सायरन वाजले. मावशीकडे तेव्हा केबल होती. वृत्तवाहिन्यांवर देशभराची आरडाओरड, मोबाईलवर एकाहून एक भयंकर निरोप, आणि तिला हवे होते एवढेच, की आपल्या सेक्टरमधे दिवे कधी लावायचे, दूध येणार का, बाहेर पडावे का. तिने शेवटी सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर काढला. आकाशवाणीचे चंदीगढ केंद्र तिच्याच सेक्टर 34 मधे आहे. आपल्या गल्लीच्या पलीकडून कोणीतरी शांतपणे बोलते आहे, याचाच तिला धीर वाटला.

म्हणूनच स्थानिक प्रक्षेपणाकडे मी करमणूक म्हणून पाहत नाही. पाणी, वीज, रस्ता यांसारखीच ती नागरी सोय आहे. सोय निर्माण करणे हे प्रशासनाचे निम्मे काम. ती नागरिकाच्या दारापर्यंत नेणे हे उरलेले निम्मे. पहिल्या निम्म्यावर आपण कोट्यवधी रुपये खर्च केले. दुसऱ्यासाठी फार थोडे लागेल.

एक, केबल बंद करण्याच्या अर्जाच्या पावतीवरच फुकट सेवेची माहिती चार ओळींत छापणे बंधनकारक करावे, आणि तीच माहिती चंदीगढच्या ई-संपर्क केंद्रांत व आपल्याकडील सेतू केंद्रांत लावावी. दोन, भाडेकरूच्या छत्रीबाबत स्पष्ट नियम करावा. सामायिक इमारतीत एकाच छत्रीवरून सर्व घरांना जोडणी घेता येते, तिला प्रोत्साहन द्यावे, म्हणजे घरमालकांची तक्रारही मिटेल. तीन, उपग्रहाचा ग्राहक आतच बसवलेल्या संचासाठी भारतीय मानक ब्यूरोने मानक प्रसिद्ध केले आहे; ते कागदावरून दुकानात आणावे. चार, सह्याद्रीसारख्या वाहिन्यांना राज्याबाहेरचा प्रेक्षक आहे, याची दखल घेऊन बृहन्महाराष्ट्राच्या बातम्यांना आठवड्यातून निदान एक वेळ ठरवून द्यावी.

निघताना मावशीने विचारले, "त्या घरमालकांनी उद्या छत्री काढायला सांगितली तर?" मी तिला माझा दूरध्वनी क्रमांक दिला. एका नागरिकाला हक्काऐवजी फोन नंबर द्यावा लागला, हे मात्र मनाला लागून राहिले.