कॅटचा फॉर्म आणि आजोबांचा दाखला

ऑगस्ट उजाडला की आयआयएमच्या ‘कॅट’ परीक्षेची नोंदणी सुरू होते आणि सप्टेंबरच्या मध्याला, मुदतवाढ धरून फार तर विसाव्या तारखेला, बंद होते. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाडा या आदिवासी तालुक्यांत हे दिवस भाताची आवणी आटोपल्याचे, गौरी-गणपतीचे आणि पावसात मोबाइलची रेंज रुसण्याचे. कॉलेजच्या पोरांच्या फोनवर या काळात पोलीस भरतीची जाहिरात फिरते, तलाठी भरतीची फिरते. मॅनेजमेंटच्या परीक्षेचा विषय मात्र सहसा कुणी काढत नाही.

याला कारण आहे. ज्या वाटेवरून कुणी गेलेले दिसते, त्याच वाटेला मुले लागतात. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड आधी डॉक्टर झाले, मग आयएएस, आणि नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून गाजले. ती गोष्ट आदिवासी भागातल्या मुलांना ठाऊक असते. आयआयएममधून बाहेर पडलेल्या वारली किंवा कोकणा मुलीची अशी गोष्ट अजून कुणी सांगत नाही. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जमातींना साडेसात टक्के जागा आहेत, पदवीला ५० ऐवजी ४५ टक्के गुण चालतात, परीक्षेची फी निम्मी आहे. दार उघडे आहे, पण तिथवर पोहोचण्याचे वेळापत्रक जव्हारचा पाऊस आणि जव्हारची कचेरी यांच्याशी जुळत नाही.

पुण्या-मुंबईत ‘अर्ज कधी करायचा’ हा डावपेचाचा प्रश्न असतो. हार्वर्डला सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत जायचे की जानेवारीच्या दुसऱ्या, हैदराबादच्या आयएसबीसाठी आणखी एक वर्ष नोकरी करायची का, यावर तिथे क्लासवाले तासन्‌तास बोलतात. जव्हारमध्ये त्याच प्रश्नाचे उत्तर आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून सुरू होते.

राज्याच्या एमबीए सीईटीतून राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जमात वैधता प्रमाणपत्र लागते. सायन्सची मुले बारावीतच त्यासाठी धावपळ करतात, कारण पुढे इंजिनीअरिंग-मेडिकल असते. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलाला पदवीपर्यंत ते कुणी मागत नाही, म्हणून तो काढत नाही. मग तपासणी समिती विचारते वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले, वंशावळ, आणि शक्यतो ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची नोंद. आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदातली जन्म-मृत्यूची नोंद, शोधावी लागते. जव्हार १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते, तेव्हा ही नोंद सापडलीच तर संस्थानी काळातली. आडनावाचे एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले असेल किंवा प्रकरण दक्षता पथकाकडे गेले, तर महिने नव्हे, वर्ष जाते. त्यातही महादेव कोळी, मल्हार कोळी या नोंदींवर महाराष्ट्रात इतके वाद झाले आहेत की समिती डोळ्यांत तेल घालून बघते. चुलत्याची किंवा बहिणीची वैधता आधी झालेली असेल तर काम पुष्कळ सोपे होते. प्रवेशाच्या वेळी कधी मुदतवाढ मिळते, पण तिच्या भरवशावर करिअर बांधू नये.

म्हणून या दोन तालुक्यांत तयारीचा मुहूर्त पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा जून हाच धरायला हवा. आधी कागद, मग क्लास.

आता परीक्षेचे. २०२४ साली कॅटला २ लाख ९३ हजार मुले बसली. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, तीन सत्रांत, दोन तासांचा पेपर. सत्र आपल्याला निवडता येत नाही. नाशिक केंद्र मिळाले आणि सकाळी साडेआठचे सत्र आले तर मोखाड्याच्या मुलाने पहाटे निघून तोरंगण घाट, त्र्यंबक असे करत पोहोचायचा विचारही करू नये. आदल्या दिवशी नाशकात मुक्काम हवा, आणि तो खर्च ऑगस्टमध्येच बाजूला काढलेला हवा. नोव्हेंबर म्हणजे भातकापणी उरकलेली, आणि दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जगायला गेलेला. घरात मागायला पैसा नसतो आणि कधी कधी माणूसही नसते.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला कॅट जरूर द्यावी, पण ती अंदाज घेण्यासाठी. या भागातल्या बहुतेक मुलांचा खरा अर्ज दोन-तीन वर्षे नोकरी केल्यावरचा असावा, असे ठामपणे म्हणायला हवे. दहावी-बारावीचे गुण आयआयएम जमेस धरतात आणि ते आता बदलत नाहीत. आश्रमशाळेतून आलेल्या मुलाची तिथेच पीछेहाट झालेली असू शकते. कामाचा अनुभव मात्र पुढे कमावता येतो. बंगळूरची आयआयएम तीन वर्षांपर्यंतच्या अनुभवाला गुण देते. इंग्रजीच्या भागात व्याकरणापेक्षा उताऱ्यांवर भर असतो, आणि उतारे वाचण्याची सवय सहा महिन्यांच्या क्लासने लागत नाही. रोजचे वर्तमानपत्र दोन वर्षे वाचून लागते. २०१०च्या सुमारास नामांकित इंग्रजी निवासी शाळांत गेलेली मुले आता पदवीला आली, त्यांचे थोडे निराळे. त्यांनी शेवटच्याच वर्षी जोर लावायला हरकत नाही.

आणि नोकरी म्हणजे पवईची आयटी कंपनीच असे नाही. बाएफ या संस्थेने जव्हारमध्ये वर्षानुवर्षे वाडीचे काम केले, आंबा-काजू लावले, मोगऱ्याची शेती रुजवली. पहाटे खुडलेली कळी उमलायच्या आत बाजारात पोहोचली तर भाव, नाही तर काहीच नाही. किलोचा दर रोज वेगळा. मधला व्यापारी किती कापून घेतो, गाडी चुकली तर काय करायचे. हा हिशेब दोन वर्षे सांभाळलेली मुलगी मुलाखतीच्या खोलीत काय सांगेल, याची कल्पना करावी. पुरवठा साखळीवरचे पाठ उत्तर आणि हे उत्तर यांतला फरक समोरच्या प्राध्यापकांना कळतोच. आणंदची इर्मा १९७९ पासून ग्रामीण व्यवस्थापनच शिकवते. या मुलांनी तिचे नाव यादीत वर ठेवावे.

एक अडचण खरी आहे. मुलींना दोन वर्षे थांबायला घर देत नाही, स्थळे येऊ लागतात. त्यांनी थांबू नये. काही आयआयएम मुलींना जादा गुण देतात, आणि सीईटी तर शिमग्याच्या पुढेमागे, मार्च-एप्रिलमध्ये असते. तिला चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सीईटीतून जाता येणारी चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून मुंबई विद्यापीठाची, आणि जव्हार-मोखाड्याची कॉलेजेसही त्याच विद्यापीठाची. फी आयआयएमच्या मानाने खूप कमी.

फीचा आकडा ऐकून घरचे घाबरतात, तेही साहजिक आहे. अहमदाबादच्या आयआयएमची दोन वर्षे पंचवीस लाखांच्या पुढे जातात. वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत असलेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे, तिच्या यादीत आयआयएम आहेत; पण दरवर्षी नव्या शिष्यवृत्ती देशभरात मिळून एक हजारच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळते. मेख वेळेची आहे. एप्रिल-मेमध्ये यादी लागते, जागा राखायला पहिला हप्ता भरायचा तर हाती थोडे दिवस असतात, शिष्यवृत्ती येते प्रवेशानंतर. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत नेमकी ३१ मार्चला संपते. कर्जाच्या कागदावर सही करणारे वडील तेव्हा भिवंडीच्या भट्टीवर असतात, पावसाच्या तोंडाला परततात. म्हणून नवा दाखला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढावा, बँकेत यादी लागण्याआधीच जाऊन यावे, आणि वडिलांचे पॅन-आधार होळीला ते गावी येतील तेव्हाच तपासून ठेवावे.

यातले बरेचसे एकट्या मुलाच्या हातात नाही. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे वसतिगृहांतल्या मुलामुलींची यादी आहेच. दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांपैकी वैधता नसलेले किती, हे जुलैतल्या एका दुपारी मोजता येईल आणि कॉलेजमार्फत एकगठ्ठा अर्ज पाठवता येतील. ऑगस्टमध्ये एक संगणक, एक स्कॅनर आणि फॉर्म भरून देणारा एक माणूस बसवायला नवी योजना लागत नाही. कॅटची निम्मी फी २०२५ साली तेराशे रुपये होती. नाशिकचे जाणे-येणे आणि एक मुक्काम धरून ती प्रकल्प कार्यालयानेच भरावी.